मदत हवी आहे: ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेटची गोळी चालू असताना पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा) कसा वाचायचा?

वडील ६८ वर्षांचे. गेल्या वर्षी बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ग्लीसन ३+३, म्हणजे सौम्य गटातला. यूरॉलॉजिस्टनी ऑपरेशन, रेडिएशन न करता नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं आहे. आम्हाला ते पटलंय, तेव्हा ‘काढूनच टाका’ हा सल्ला कृपया नको. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीचे २०२३ चे निकाल वाचले: १,६४३ पुरुष, सुमारे १५ वर्षं, आणि देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन या तिन्ही गटांत या कॅन्सरने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपास. तिथली देखरेख तर मुख्यतः पीएसएवरच होती.

आणि आमचं घोडं नेमकं पीएसएवरच अडलंय. ग्रंथी वाढल्यामुळे लघवीला त्रास होतो, म्हणून ते बायोप्सीच्या आधीपासून ड्युटास्टेराइड घेतात. या गोळीने सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणून आकडा दुप्पट करून वाचायचा, इथपर्यंत कळलं. त्यांचा सर्वांत कमी आलेला आकडा २.१, आता २.९. दुप्पट केला तरी ६ च्या आत, वरकरणी ठीक. पण गोळी चालू असताना तो चढावाच का?

लघवीत संसर्ग नाही, गोळी चुकत नाही, लॅब तीच. बायोप्सीआधीचा एमआरआय आहे, नंतरचा नाही. डॉक्टरांची भेट दीड महिन्यावर आहे, गोळी आम्ही आपल्या मनाने बंद करणार नाही.

ज्यांच्या घरी अशीच देखरेख या गोळीसोबत चालू आहे, किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांना विचारायचंय: निर्णय दुप्पट केलेल्या आकड्यावर घेतात की सर्वांत खालच्या आकड्यापासून झालेल्या वाढीवर? आणि एवढ्या वाढीला आधी पुन्हा पीएसए करतात, की थेट एमआरआय?