चॅटविन फक्त गॉथिकचा माणूस?

बर्मिंगहॅमचा वास्तुविशारद ज्युलियस आल्फ्रेड चॅटविन (१८३०–१९०७) याला गॉथिकपलीकडे, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीपलीकडे, काही जमत नव्हतं, असा एक दावा आहे. अजिबात पटलं नाही. तो लंडनमध्ये वास्तुविशारद चार्ल्स बॅरीच्या हाताखाली तयार झाला आणि १८५५ पासून बर्मिंगहॅममध्ये स्वतंत्र काम करू लागला. चर्चेसबरोबर लॉइड्स बँकेच्या इमारतीही त्याने केल्या.

गॉथिक बघायचं तर बर्मिंगहॅमच्या बुल रिंग भागातलं सेंट मार्टिन चर्च (१८७३–७५). आत गेल्यावर आधी छत बघा. भिंतीच्या माथ्यातून आडव्या लाकडी तुळया थोड्याच पुढे येतात, त्यांच्या टोकांवर उभे खांब आणि खालून कमानदार टेकू. एकच अखंड तुळई आरपार टाकावी लागत नाही, त्यामुळे मधली उंची मोकळी राहते. मात्र छताचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. टेकू तो रेटा भिंतीत खालच्या बाजूला उतरवतात, म्हणून तिथली भिंत भक्कम लागते. मनोरा मात्र चॅटविनचा नाही, तो हार्डविक या वास्तुविशारदाने आधीच नवा केला होता.

आता बर्मिंगहॅममधलंच, पण गॉथिक नसलेलं सेंट फिलिप चर्च बघा. मूळ इमारत टॉमस आर्चरची, बरोक (ग्रीक-रोमन धाटणीच्या, ठसठशीत आणि भव्य) शैलीतली, १७१५ ची. पूर्वेकडचा भाग आखूड होता. चॅटविनने १८८३–८४ मध्ये तो लांबवला, तोही भव्य कॉरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) स्तंभ वापरून, आर्चरच्याच भाषेत. चित्रकार बर्न-जोन्सच्या पूर्वेकडच्या तीन काचचित्रांना जागा मिळाली ती या वाढीव भागात. १९०५ मध्ये हे चर्च कॅथीड्रल (बिशपचं मुख्य चर्च) झालं.