मदत हवी आहे: वडिलांचं जुनं मृत्युपत्र, आजी हयात, सातबारा सामाईक. सुरुवात कुठून करायची?

कोरा_कागद

नमस्कार. घरातल्या मालमत्तेची निरवानिरव नीट करायची आहे. माहिती अशी:

वडील ७१, आई ६६, आजी (वडिलांची आई) ९२. एक मुलगा, एक मुलगी. धाकटा मुलगा वारला आहे, त्याची पत्नी आणि ९ वर्षांचा मुलगा आहे.

पुण्यातल्या सोसायटीत एक फ्लॅट, करारनाम्यावर आई-वडील दोघांचीही नावं, दोघांनी मिळून कमावलेला. गावाकडे आजोबांची जमीन आहे. आजोबा १९९८ साली गेले, सातबाऱ्यावर आजी, वडील, काका, आत्या अशी चार नावं आहेत, वाटणी झालेली नाही. शिवाय बँकेतल्या ठेवी (दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीच्या), म्युच्युअल फंड, लॉकर, आयुर्विमा. बहुतेक ठिकाणी नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव.

वडिलांनी २०११ मध्ये १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मृत्युपत्र केलं होतं. नोटरीचा शिक्का आहे, साक्षीदाराची सही एकच. मजकूर: ‘माझ्यानंतर सर्व मालमत्ता पत्नीस पूर्ण मालकी हक्काने व तिच्यानंतर दोन्ही मुलांस समान.’ मुलीचा उल्लेख नाही.

आता हे कायम ठेवायचं, दुरुस्त करायचं की नवं करायचं? आणि नॉमिनी असताना मृत्युपत्राची गरज आहे का?

साक्षांकित

नवंच करा. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, आणि प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही सही माझीच’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. नोटरी हा दुसरा साक्षीदार होता असं कोर्टात मांडता येईलही, पण त्या आशेवर घर सोडू नका. स्टॅम्प पेपरचा खर्च तर वायाच गेला: मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोटरीही लागत नाही.

साक्षीदार बरोबर असते तरी त्या एका वाक्यातच मोठी गफलत आहे. ‘पत्नीस पूर्ण मालकी हक्काने’ म्हटलं की ती मालमत्ता आईची झाली. मग ‘तिच्यानंतर मुलांस’ याला जोर उरत नाही, कारण दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचं पुढे काय व्हावं हे वडील ठरवू शकत नाहीत. मराठी मृत्युपत्रांत ही चूक सर्रास सापडते. दोनांपैकी एक निवडा. एक तर पूर्ण मालकी आईला द्या आणि पुढचं आईने स्वतःच्या मृत्युपत्रात लिहावं. नाहीतर असं लिहा: ‘पत्नीस तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा व उपभोगाचा हक्क राहील, विक्री, गहाण वा बक्षीस देण्याचा अधिकार राहणार नाही, तिच्या पश्चात मालकी पुढीलप्रमाणे...’ हयातीपुरता हक्क देताना मात्र एक विचार करा. उद्या आईला औषधोपचारासाठी फ्लॅट विकायची वेळ आली तर तिचे हात बांधलेले असतील. तुम्ही सांगितलेल्या घरात पूर्ण मालकी आणि दोघांची वेगवेगळी मृत्युपत्रं हाच मार्ग मला बरा वाटतो.

दोघांचं मिळून एक मृत्युपत्र करू नका. पहिला माणूस गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं की नाही, यावरच भांडण लागतं.

चौकशी_खिडकी

नॉमिनीबद्दल. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा कागद ज्याच्या हाती द्यायचे तो माणूस. मालक वारसच. आयुर्विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सरबती देवी खटल्यात हे सांगितलं, शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात. विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये २०१५ साली बदल झाला आणि आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर तेच लाभार्थी अशी तरतूद आली. त्यावरही वाद झालेले आहेत. म्हणून विम्यातलं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा.

सोसायटीतही तेच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेतात, खरे वारस सदस्य होईपर्यंत. त्या जोरावर त्याने फ्लॅट विकायला काढला तर जाणता खरेदीदार बाकीच्या वारसांच्या सह्या मागणारच.

म्हणजे नॉमिनी नको असं नाही. नॉमिनी नसेल तर बँक कागदांसाठी फेऱ्या मारायला लावते. दोन्ही हवं, आणि दोन्हींत मेळ हवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक क्रमाने. लॉकरला मात्र फक्त क्रमानेच. ‘दोघांपैकी कोणीही’ हे खातं चालवण्यापुरतं असतं. त्याने मागे राहिलेला खातेदार एकटा मालक ठरत नाही.

सातबारा_उतारा

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आजींची. कोणी त्याबद्दल लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत आई येते. वडील येत नाहीत, आई येते. समजा मृत्युपत्र टिकलं नाही आणि वडील आजींच्या आधी गेले. तर वडिलांच्या वाट्याचा अर्धा फ्लॅट पाच हिश्श्यांत जातो: पत्नी, मुलगा, मुलगी, आजी, आणि दिवंगत मुलाची शाखा. म्हणजे प्रत्येकी पूर्ण फ्लॅटचा एक दशांश. दिवंगत मुलाच्या शाखेचा दशांश सून आणि नातू यांच्यात निम्मा निम्मा, प्रत्येकी एक विसांश. पुढे आजी गेल्या की त्यांच्या दशांशात काका आणि आत्याही वारस. पुण्यातला फ्लॅट विकायला आत्याची सही लागेल, आणि ती त्यांनी हक्काने नाकारली तर कायद्याने त्यांचं काही चुकत नाही. वैध मृत्युपत्राने हे सगळं टळतं. वडिलांना आजींची सोय करायची असेल तर ठरावीक रक्कम किंवा सांभाळाची जबाबदारी स्पष्ट लिहावी.

आता जमीन. आधी ठरवा की ती आजोबांची स्वकष्टार्जित होती की वडिलोपार्जित. त्यासाठी तलाठ्याकडून सध्याचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) घ्या, तहसीलमधून जुने फेरफार (नाव बदलाच्या नोंदी) काढा, अगदी आजोबांचं नाव कशाने लागलं तिथपर्यंत: खरेदीखत, वाटप की वारस. स्वकष्टार्जित असेल तर १९९८ च्या मृत्यूनंतर आजी, वडील, काका, आत्या यांना प्रत्येकी एक चतुर्थांश. वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा, आणि तो वकिलाकडून कागद दाखवूनच करून घ्यावा. लक्षात ठेवा, फेरफार म्हणजे महसुली नोंद. तिने मालकी मिळत नाही आणि नाव नाही म्हणून मालकी जातही नाही.

वाटणी झालेली नसताना वडील आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकतात, एकत्र कुटुंबातला हिस्सा असला तरी हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने देता येतो. पण ‘विहिरीकडचे दोन एकर मुलाला’ असं लिहिता येत नाही, कारण विहिरीकडचे दोन एकर अजून कोणाचेच नाहीत. असं लिहिलं की नेमक्या त्या तुकड्यावरून कोर्ट गाठावं लागतं. ‘गट क्रमांक अमुकमधील माझा अविभक्त हिस्सा, व वाटणी झाल्यास माझ्या वाट्यास येणारे क्षेत्र’ अशी शब्दरचना ठेवा.

काका-आत्या राजी असतील तर तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज आत्ताच करा, आजींचा अंगठा घेता येतोय तोवर. आजींच्या चतुर्थांशाचं पुढे काय, हेही त्यांनीच आपल्या मृत्युपत्रात सांगावं. हक्कसोड करायची ठरली तर ती नोंदणीकृतच हवी, साध्या जबाबावर नाव कमी करून घेऊ नका.

कोरा_कागद

आजींचा मुद्दा घरात कोणाच्याच डोक्यात नव्हता. आणखी दोन प्रश्न. फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करा, मुद्रांक शुल्क फारच कमी आहे, असं एक नातेवाईक सुचवतात. आणि सून-नातवाचा वाटा कसा लिहावा?

साक्षांकित

बक्षीसपत्राची घाई करू नका. राहतं घर पती-पत्नी, मुलं, नातवंडांना देताना महाराष्ट्रात मुद्रांक सवलतीचा आहे हे खरं. पण बक्षीसपत्र नोंदलं आणि स्वीकारलं की मालकी त्याच दिवशी गेली. मृत्युपत्र वडील शेवटपर्यंत कितीही वेळा बदलू शकतात, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ मध्ये ते रद्द करायची वाट आहे, पण तिचा आधार ‘सांभाळ करीन’ ही अट. म्हणून द्यायचंच असेल तर ती अट आणि आईवडिलांचा हयातभर राहण्याचा हक्क दोन्ही दस्तात शब्दाने लिहून घ्या. इथे तर मुलगी, सून, नातू असे आणखी तिघं आहेत. एकाच्या नावे घर आणि बाकीच्यांना तोंडी शब्द, यातून नाती तुटतात.

नातवासाठी: अज्ञानाच्या (१८ वर्षांखालच्या मुलाच्या) नावे स्थावर हिस्सा आला की तो विकायला कोर्टाची परवानगी लागते, नैसर्गिक पालक आई असली तरी. त्यामुळे फ्लॅटच्या हिश्श्याऐवजी त्याला ठेवी आणि फंड देणं सोपं जातं. ती रक्कम कोणी सांभाळायची, शिक्षणाला कशी वापरायची आणि कितव्या वर्षी त्याच्या हाती द्यायची हे लिहा. सुनेचा वाटा तिच्या नावाने वेगळा, ‘सून व नातू यांस’ असा एकत्र नको.

दस्त_क्रमांक

प्रत्यक्ष करताना कुठे घसरतं ते सांगतो.

प्रत्येक पानावर खाली ‘४ पैकी १’ असा क्रमांक आणि वडिलांची सही. खाडाखोड झाली तर त्या जागी वडील आणि दोन्ही साक्षीदार यांच्या छोट्या सह्या, त्यापेक्षा पान पुन्हा छापलेलं बरं. शेवटच्या पानावर नुसत्या सह्या सुटून आलेल्या दिसू नयेत, मजकुराच्या दोन-तीन ओळी तरी त्याच पानावर असाव्यात. सही बँकेतल्या सहीसारखीच. ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य हवंच, २०११ च्या मृत्युपत्राची तारीख घालून.

साक्षीदार वडिलांपेक्षा वयाने बरेच लहान, ओळखीचे, पत्ता न बदलणारे. वाटा मिळणारा कोणी नको आणि त्याचा जोडीदारही नको. पुढे वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. दोघंही हयात नसले तर हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या, ‘शुद्धीवर असून व्यवहार समजण्यास सक्षम’ असं लिहिलेलं, वेळेसकट. मुलीला कमी द्यायचं असेल तर कारण एका वाक्यात लिहा. नाव गाळलं की ‘दबावाखाली केलं’ म्हणायला जागा मिळते.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. दुय्यम निबंधक कार्यालयात शुल्क किरकोळ असतं, मूळ हरवलं तरी नक्कल मिळते. आजींना नेता येत नसेल तर अधिकारी घरी येऊन नोंदणी करतात, तसा अर्ज द्यावा लागतो. पण नोंदणी झाली म्हणून साक्षीदारांची गरज संपत नाही, आणि नंतरचं बिननोंदणीचं वैध मृत्युपत्र आधीच्या नोंदलेल्याला रद्द करू शकतं.

शेवटी ‘वर उल्लेख न झालेली व यापुढे मिळणारी सर्व मालमत्ता अमुक यांस’ हे कलम, आणि प्रत्येक नावापुढे ‘ते माझ्या आधी गेल्यास’ पर्यायी नाव. धाकट्या मुलाच्या बाबतीत हीच ओळ २०११ मध्ये राहून गेली. मूळ प्रत वडिलांच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तो उघडायलाच आधी वारसांचे कागद मागतील. व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणून ज्याचं नाव घालाल त्याच्याकडे नक्कल आणि मूळ कुठे आहे त्याची चिठ्ठी द्या.