सकाळचं पहिलं पाणी करडं आणि वासाचं: दोष आमच्या जोडणीचा की गल्लीतल्या लाइनचा?

उंबरठा

मंडळी, पेठेतली जुनी तीन मजली इमारत आहे, १२ बिऱ्हाडं. पहाटे अडीच तास पाणी येतं, ते जमिनीखालच्या १०,००० लिटरच्या टाकीत पडतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढवतो. पावसाळ्यापासून सुरुवातीला येणारं पाणी करडं असतं, वर थोडा फेस आणि गटाराचा वास. दहा-पंधरा मिनिटांनी स्वच्छ होतं. समोरच्या इमारतीत असली काही तक्रार नाही. रस्त्यातून मीटरपर्यंतचा पाइप १ इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) आहे, तो कधी टाकला हे कुणालाच सांगता येत नाही. वाटेत ड्रेनेजचं चेंबर लागतं.

सोसायटीत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, टीडीएस ९० दाखवतो म्हणजे पाणी उत्तम. दुसऱ्यांचं, टाकी धुवून घ्या, विषय संपला. खोदकाम न करता दोष कुठे आहे ते कळू शकेल का? तोवर काय करावं? आणि पाइप बदलायचाच झाला तर कोणता, कसा?

चावीवाला

टीडीएसवाल्यांना आधी गप्प करा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. पण तोच मीटर एका कामाला फार उपयोगी पडतो, ते खाली सांगतो.

हे होतं कसं ते बघा. पाणी बंद झालं की लाइन उताराकडे रिकामी होत जाते आणि पाइपात पोकळी तयार होते. ती पोकळी जिथून वाट मिळेल तिथून ओढून घेते. जीआय पाइप पहिला सडतो तो आट्यांवर, कारण आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि पत्राही पातळ होतो. असा सडका जोड चेंबरच्या भिंतीत किंवा गटाराखाली असला की पाणी चालू असताना तो बाहेर गळतो आणि बंद झालं की गटार आत ओढतो. पावसाळ्यात चेंबर तुंबून पातळी वर येते, म्हणून तक्रारी तेव्हाच वाढतात. गल्लीत कुणी लाइनला थेट मोटर लावत असेल तर पाणी चालू असतानाही हाच प्रकार होतो.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. मिनिटं मोजू नका, बादल्या मोजा. १ इंची पाइपात दर मीटर लांबीला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. तुमची जोडणी २० मीटर लांब धरली तरी आत १० लिटर. म्हणजे दोष फक्त तुमच्या पाइपात असेल तर एखाद-दोन बादल्यांत पाणी निवळायला हवं. गल्लीतली ४ इंची लाइन मात्र दर मीटर लांबीला जवळजवळ ८ लिटर धरते. ५-१० बादल्या जाऊनही वास येत असेल तर घाण मोठ्या लाइनमधून येते आहे. सुरुवातीला धार करंगळीएवढीच असते, त्यामुळे 'दहा-पंधरा मिनिटं' यावरून काहीच ठरत नाही.

करायचं असं:

१) टाकीच्या आधी, मीटरला लागून जो नळ असेल तिथे उभं राहा. नसेल तर प्लंबरकडून टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्ध्या इंची कॉक बसवून घ्या. पुढेही तो रोज लागणार आहे.

२) पाणी येताच पहिली बाटली भरा, मग पहिली, दुसरी, पाचवी, दहावी आणि विसावी बादली भरल्यावर एकेक. काचेच्या स्वच्छ बाटल्या, वर क्रमांक.

३) प्रत्येकीचा टीडीएस घ्या. नेहमीचा ९० असताना पहिल्या बाटलीत २००-३०० आला तर बाहेरचं पाणी मिसळतंय हे नक्की. मीटरचा खरा उपयोग हा.

४) त्याच पहाटे, तुमच्याच लाइनवर तुमच्या आधी आणि तुमच्या नंतर येणाऱ्या इमारतींतही हेच करा. समोरच्या इमारतीचा दाखला कामाचा नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बऱ्याचदा दोन वेगळ्या लाइनी असतात. कोणती इमारत कुठल्या लाइनवर आहे हे पाणी सोडणाऱ्याला तोंडपाठ असतं, त्याला विचारा.

रंगही बोलतो. लालसर-तपकिरी म्हणजे गंज. मातकट म्हणजे कुठेतरी लाइन फुटून दुरुस्त झाली. दुधासारखं पांढरं आणि ग्लासात तळाकडून वर निवळत जाणारं म्हणजे नुसती हवा, घाबरायचं कारण नाही. करडं, फेसाळ, वासाचं म्हणजे मैलापाणी. तुमचं हेच वाटतंय.

तुरटी

वरच्या बाटल्यांची क्लोरीन तपासणीही करा. ओटी (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन असलं की पिवळं पडणारं) द्रावणाची छोटी पेटी मिळते, जलतरण तलावाचं सामान विकणाऱ्यांकडेही असते. १० मिली पाण्यात पेटीवर लिहिलेत तेवढे थेंब, आणि पिवळा रंग लगेच ताडून बघायचा. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि आकडा फुगतो. तपासलेलं पाणी ओतून द्या, द्रावण विषारी आहे. नळाशी उरलेलं क्लोरीन किमान ०.२ मिग्रॅ प्रतिलिटर हवं. मैला मिसळला की तो क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून पहिल्या बाटलीत शून्य आणि विसाव्या बादलीत ०.५ असं चित्र दिसलं तर दुखणं पाइपात आहे. मीटरपाशी ०.५ आणि गच्चीवर शून्य असेल तर टाक्या बघा.

जोडीला एचटूएसची बाटली, म्हणजे जंतू ओळखायची तयार बाटली. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संशय. झाकणाच्या आत बोट लागलं तर निकाल वाया.

एक जुना उपाय लोक सुचवतील, चेंबरमध्ये पोटॅश (पोटॅशियम परमँगनेट) टाका आणि नळाला जांभळं पाणी येतं का बघा. नका करू. मैल्याशी गाठ पडताच पोटॅशचा रंग तपकिरी होतो, जांभळं काही दिसत नाही आणि 'बघा, आपला पाइप चांगला आहे' असा उलटा निष्कर्ष निघतो.

टाकी धुण्याबद्दल: धुवाच, पण पाइपाचं काम झाल्यावर पुन्हा धुवावी लागेल हे गृहीत धरा. पूर्ण टाकी क्लोरीनच्या पाण्याने भरायची तर ५० मिग्रॅ प्रतिलिटर हिशोबाने १०,००० लिटरला सुमारे २ किलो ब्लीचिंग पावडर लागते आणि ते सगळं पाणी सोडून द्यावं लागतं. त्यापेक्षा टाकी उपसा, गाळ काढा, भिंती घासा आणि मग २० लिटरच्या बादलीत १५-२० ग्रॅम पावडर कालवून ते पाणी ब्रशने भिंती, तळ आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लावा. अर्धा तास ओलं राहू द्या, धुवून काढा. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून १०-१५ मिनिटं ठेवायची आणि वरचं निवळ तेवढं घ्यायचं. खालचा चुना फ्लोट वॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी घेऊ नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. भूमिगत टाकीत एकट्याने उतरू नये. आणि फरशीचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र कधीही नाही, विषारी वायू होतो.

नळकोंडाळे

तोवर काय करायचं, याचं उत्तर राहिलंय. पिण्याचं पाणी खळखळ उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवा. यूव्ही (अतिनील किरणांच्या) फिल्टरच्या भरवशावर राहू नका, पाणी गढूळ असलं की किरण आरपार जात नाहीत. मीटरजवळच्या नव्या कॉकमधून पहिलं घाण पाणी सोडून द्या आणि निवळल्यावरच टाकीकडे वळवा. टाकीची चावी त्यासाठी रात्रीच बंद करून ठेवा.

चावीवाला

नळकोंडाळे, चावी रात्री बंद नको. टाकीकडचं तोंड उघडं असलं तर पोकळीला तिथून हवा मिळते. ते बंद केलंत की सगळी ओढ सडक्या जोडावर येते आणि घाण जास्त शिरते. पाणी यायच्या थोडं आधी बंद करा, घाण सोडून द्या, मग उघडा.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट: टाकीत पाणी पडणाऱ्या पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर हवं. आवाज नको म्हणून बरेच जण पाइप पाण्यात बुडवतात. तसं असेल तर पाणी बंद झाल्यावर तुमच्या टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जातं, आणि मग शेजाऱ्यांच्या तक्रारीचं कारण तुम्ही.

उंबरठा

बादल्यांचा हिशोब डोक्यात शिरला, सगळ्यांचे आभार. मीटरच्या आधीचा पाइप कुणाचा धरतात? आणि आमचाच पाइप निघाला तर नवा कशातून जाऊ द्यायचा? चेंबर चुकवायला गल्लीत जागाच नाही.

सूत-सफेदा

बहुतेक ठिकाणी मुख्य लाइनवरच्या फेरूलपासून (तुमची जोडणी जिथे लाइनला लागते तो जोड) पुढची जोडणी ग्राहकाची असते, दुरुस्तीचा खर्चही त्याचा. लोक मीटरपासून आपली जबाबदारी धरतात आणि नेमका सडका तुकडा मीटरच्या आधी असतो. मीटर आकडा दाखवत नाही म्हणजे गळती नाही, असं म्हणूनच समजू नये. पाणी चालू असताना चेंबरचं झाकण काढून टॉर्चने बघा. घरात कुणी पाणी वापरत नसताना भिंतीतून स्वच्छ धार किंवा पाझर दिसला तर शोध तिथेच संपला. नाही दिसला तर प्लंबरला हाताचा टेस्ट पंप आणायला सांगा. फेरूलकडची चावी बंद करायची, टाकीकडचं टोक बुजवायचं, दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का बघायचं. जुना पाइप या दाबाने फुटलाच तर तो उद्या फुटणारच होता.

नवा पाइप जीआय घेऊ नका. निळा एमडीपीई किंवा एचडीपीई (प्लास्टिकचा लवचिक पाइप) घ्या, वेटोळ्यात मिळतो, त्यामुळे फेरूलपासून इमारतीपर्यंत अखंड एक तुकडा जातो आणि मध्ये जोडच येत नाही. सगळी मेहनत या एका गोष्टीसाठी आहे. तुकडे उरलेत म्हणून प्लंबर मध्ये कपलर टाकायला बघेल, टाकू देऊ नका. नियमाप्रमाणे ड्रेनेजपासून ३ मीटर आडवं अंतर हवं आणि ओलांडताना पाण्याचा पाइप अर्धा मीटर वरून जायला हवा. पेठेत ३ मीटर म्हणजे थेट समोरच्याची ओसरी. म्हणून निदान एवढं करा: चेंबरच्या आतून पाइप न्यायचा नाही, भिंत चुकवून बाजूने न्यायचा. ड्रेनेज ओलांडताना वरूनच, आणि तेवढ्या भागात मोठ्या व्यासाच्या जाड पाइपाचं आवरण. आवरणाची टोकं ड्रेनेजच्या दोन्ही बाजूंना मीटरभर पुढे.

आणि जुना पाइप. प्लंबर तो इमारतीकडे बूच मारून मोकळा होतो. तो फेरूलपाशी तोडून तिथेच बंद करून घ्या. नाहीतर मेलेली जोडणी गटाराचं पाणी धरून लाइनला लटकत राहते आणि पाणी बंद झालं की सगळ्या गल्लीला पाजते. वाडे पाडून नव्या इमारती झालेल्या गल्ल्यांत अशा जोडण्या हमखास सापडतात. तुमच्याकडे पाचव्या बादलीनंतरही वास राहिला तर आधी हाच संशय घ्या: लाइनवर अलीकडे पाडलेला वाडा कुठे आहे?

अर्ज-विनंती

कागदाचं सांगतो. तक्रार 'पाणी खराब येते' अशी लिहू नका, कचऱ्यात जाते. किती वाजता पाणी आलं, किती बादल्यांपर्यंत वास होता, क्लोरीन किती, लाइनवरच्या कोणत्या इमारतींत आहे आणि कोणत्या नाही, एवढं चार ओळींत. एक प्रत पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याला, दुसरी त्याच दिवशी आरोग्य विभागाला. दोन्हीवर आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन टाकली तर टोकन जपून ठेवा. शक्य असेल तर शेजारच्या इमारतींच्या सह्या घ्या.

नमुना घ्यायला माणूस सकाळी दहाला येतो, तेव्हा पाणी गेलेलं असतं आणि टाकीतल्या पाण्याचा अहवाल 'पिण्यास योग्य' येतो. अर्जातच लिहा की नमुना पाणी येण्याच्या वेळी, मीटरजवळच्या नळावरून, पहिल्या धारेचा घ्यावा. बाटली प्रयोगशाळेची निर्जंतुक हवी, घरच्या बाटलीतला नमुना धरत नाहीत. तो बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो.

रस्ता खोदायला परवानगी आणि शुल्क लागतं, जोडणीचा अर्ज लायसन्सधारक प्लंबरच्या मार्फत. पावसाळ्यात खोदाईची परवानगी सहसा मिळत नाही, पण दूषित पाण्याची दुरुस्ती तातडीच्या कामात बसते. अर्जाच्या विषयात 'दूषित पाणीपुरवठा' हे शब्द आलेच पाहिजेत.

गल्लीत काविळीचा किंवा जुलाबाचा एखादाही रुग्ण असेल तर आरोग्य विभागाच्या प्रतीत नाव न देता फक्त संख्या लिहा. काविळीची लक्षणं लागण झाल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे पाणी आता स्वच्छ आहे म्हणून रुग्ण येणार नाहीत असं होत नाही. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची केवढी साथ आली होती ते आठवत असेल. हेपटायटिस ई गरोदर बाईला जिवावर बेततो. इमारतीत कुणी गरोदर असेल तर भाजी धुवायला आणि चूळ भरायलाही उकळलेलंच पाणी द्या.

तुरटी

काम झाल्यावर लगेच टाकी भरू नका. नवा पाइप ब्लीचिंगच्या निवळ पाण्याने भरून तासभर तसाच ठेवा, मग मीटरजवळून वाहू द्या, क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत. त्यानंतर पुन्हा पहिली, पाचवी आणि दहावी बादली तपासा. तिन्हींचा टीडीएस सारखा आणि क्लोरीन ०.२ च्या वर आलं की टाकीची चावी उघडा.