सल्ला हवा: काकांच्या पाट्यांच्या अक्षरांवरून केलेला फॉन्ट खुला करायचाय, परवाना कोणता घ्यावा?

कुंचला
नमस्कार मंडळी. माझे काका सांगली-मिरज भागात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला तसं काम आटत गेलं, आता हात थरथरतो म्हणून ब्रश बंदच आहे. त्यांच्या नमुन्याच्या वह्या मात्र जपून ठेवल्यात. एका पानावर नुसता 'क्ष'. जाड, बारीक, गोल पोटाचा, खाली सावली टाकलेला. शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, "सावली डावीकडे, रस्ता उजवीकडून येतो."

या वह्यांवरून मी आणि एका मैत्रिणीनं ठळक देवनागरी फॉन्ट केलाय. शाळांनी, मंडळांनी, छोट्या प्रकाशकांनी तो फुकट वापरावा अशी काकांचीच इच्छा आहे. फॉन्टसोबत वह्यांचे स्कॅन आणि त्यांनी रंगवलेल्या पाट्यांचे मी काढलेले फोटोही आहेत. तिन्ही खुलं करायचंय. काळजी दोनच गोष्टींची: कुणी उचलून विकू नये आणि काकांचं नाव पुसलं जाऊ नये. कुठला परवाना घ्यावा? सगळ्याला एकच चालेल का?

अक्षरवेल
आधी काकांना नमस्कार सांगा. सावलीची ती ओळ वाचून फार बरं वाटलं.

सगळ्याला एकच परवाना लावू नका. फॉन्टसाठी एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, आवृत्ती 1.1, म्हणजे ओएफएल. डोळे मिटून घ्या म्हणते. ही आवृत्ती 2007 पासून आहे तशीच आहे आणि देवनागरीतले बहुतेक चांगले खुले फॉन्ट तिच्यावरच उभे आहेत: 'एक टाईप' या संस्थेचे मुक्त आणि बलू, इंडियन टाईप फाउंड्रीचे पॉपिन्स आणि हिंद. तुमची विकण्याची काळजी तिथे मिटते, कारण नुसता फॉन्ट विकायला ओएफएलमध्ये मनाई आहे. एखाद्या सॉफ्टवेअरसोबत देता येतो. कुणी बदल करून वाटला तर तोही ओएफएलखालीच वाटावा लागतो. आणि फॉन्ट वापरून केलेल्या पुस्तकाला, पत्रिकेला किंवा पाटीला परवान्याची कसलीही अट लागत नाही. शाळेच्या शिक्षकांना हेच हवं असतं. प्रश्नपत्रिकेच्या तळाशी कुणी श्रेय छापत बसणार नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी), म्हणजे लेखन, चित्रं, फोटो खुले करायचे तयार परवाने, फॉन्टला लावू नका. फॉन्टची फाईल म्हणजे शेवटी सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअरला आमचे परवाने लावू नका असं ती संस्था स्वतःच सांगते.

काकांचं नाव फॉन्टच्या आतल्या कॉपीराइटच्या ओळीत आणि ओएफएलच्या मजकुराच्या फाईलीत, दोन्हीकडे घाला. प्रत वाटणाऱ्याला ती ओळ काढता येत नाही. ओएफएलमध्ये फॉन्टचं नाव राखून ठेवण्याचीही सोय आहे, म्हणजे बदललेल्या प्रतीला तेच नाव देता येत नाही. पण पुढेमागे गूगल फॉन्ट्सवर, म्हणजे गूगलच्या मोफत फॉन्टच्या साइटवर, टाकायचा विचार असेल तर नाव राखू नका. वेबसाठी फाईल छोटी करणं हाही बदलच ठरतो, म्हणून ते लोक राखीव नाव टाळायला सांगतात.

लोकलवाला
अक्षरवेल यांना +१. गूगल फॉन्ट्सवर 'यात्रा वन' बघा. मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, तोही ओएफएल. तुमच्या कामाच्या जवळचा वाटेल.

दस्तऐवज
परवान्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून मी विचारतो. हक्क कुणाचा आहे?

वह्या काकांनी स्वतःसाठी काढल्या, त्या त्यांच्याच. मात्र जुने पेंटर बाजारातल्या छापील नमुना-पुस्तकांवरूनही गिरवत असत. तशी पानं असतील तर काका बसल्या जागी ओळखतील. ती बाजूला काढा.

पाट्यांचं वेगळं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं, तर वेगळा करार नसताना पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे पाटीवर चित्र असेल तर तो दुकानदारही हक्क सांगू शकतो. नुसत्या नावाच्या पाटीवरून कुणी भांडत येईल असं मला वाटत नाही, पण ओळखीचं दुकान असेल तर विचारून घेतलेलं बरं.

आता महत्त्वाचं. काकांकडून लेखी घ्या, घरचा मामला असला तरी. कलम 19 प्रमाणे हक्काच्या करारात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परवान्यांनाही हेच लागू आहे. खुला परवाना जगभर आणि हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी असतो, तेव्हा कागदावर "जगभर, कॉपीराइटची संपूर्ण मुदत" असे शब्द हवेतच. मुदत म्हणजे हयातभर आणि पुढे 60 वर्षं. मैत्रिणीचीही सही घ्या, फॉन्ट दोघींचा आहे.

श्रेयाची फार चिंता नको. कलम 57 प्रमाणे आपलं नाव सांगण्याचा हक्क, कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी, कर्त्याकडेच राहतो.

रेघोट्या
स्कॅनना सीसी बाय-एनसी लावा, म्हणजे नाव द्या पण व्यावसायिक वापर नको, असं माझं मत. मी चित्रं काढते. माझी गणपतीची रेखाटनं एका छपाईवाल्यानं न विचारता टी-शर्टवर छापली, फोन केला तर "नेटवर होती की" म्हणाला. वहीतलं ते 'क्ष'चं पान उद्या कुणी मगवर छापून विकलं तर काकांना काय वाटेल याचा विचार करा.

अक्षरवेल
रेघोट्या, तुमचा राग रास्त आहे. पण त्या छपाईवाल्यानं कुठलाच परवाना वाचला नव्हता, एनसी असता तरी त्यानं छापलंच असतं. एनसीनं अडतात ती वाचणारी माणसं: दिवाळी अंकवाले, छोटे प्रकाशक, कार्यशाळेची फी घेणारा कलाशिक्षक. व्यावसायिक वापर नेमका कुठे सुरू होतो हे त्यांना कळत नाही, मग ते हात लावत नाहीत. कुंचला यांना तर हीच माणसं हवी आहेत.

मी सीसी बाय-एसए 4.0 सुचवेन. नाव द्यावंच लागतं, परवान्याचा दुवा द्यावा लागतो, बदल केला तर तसं सांगून तो त्याच अटींवर वाटावा लागतो. मगवाल्यालाही नाव छापावं लागेल. मात्र एकदा दिलेला सीसी परवाना परत घेता येत नाही. म्हणून काकांना एकेक पान दाखवून विचारा, आणि ज्या पानावर त्यांचा जीव अडकलाय ते देऊ नका. सगळं खुलं केलंच पाहिजे असं कुठे आहे?

रेघोट्या
पान निवडून देण्याचं पटलं. एनसीबद्दल माझं मत तेच.

विकीकर
फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्र-भांडारात, टाका, मराठी विकिपीडियात लगेच वापरता येतील. तिथे एनसी चालत नाही, बाय किंवा बाय-एसए लागतो. आणि एक अडचण आधीच सांगतो. सार्वजनिक जागेतल्या इमारती आणि पुतळे यांच्या फोटोंना कलम 52 मध्ये सूट आहे, रंगवलेल्या चित्रांना नाही. त्यामुळे ज्या पाटीवर शिंप्याचं जोडपं किंवा नटाचा चेहरा रंगवलाय, तिचा फोटो काढून टाकला जाऊ शकतो. नुसत्या अक्षरांच्या पाट्यांना सहसा कुणी हरकत घेत नाही. फोटोच्या वर्णनात गाव, साल आणि पेंटरचं नाव लिहा. पाट्या झपाट्यानं उतरतायत, ही नोंद पुढे कुठेच मिळणार नाही.

कुंचला
किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी. फॉन्टला ओएफएल आणि स्कॅनना बाय-एसए, एवढं ठरलं. काकांना विचारलं तर देवादिकांची दोन पानं नको म्हणाले, बाकी द्या म्हणाले. एक शंका उरली. पुढे या फॉन्टमधून त्यांना चार पैसे मिळावेत असं वाटतं. खुला केला की ती वाट बंद होते का?

अक्षरवेल
नाही. हक्क तुमच्याकडेच राहतो, परवाना बाकीच्यांसाठी असतो. आज एक वजन, म्हणजे फॉन्टचा एक जाड-बारीक प्रकार, खुलं करा, उद्या सावलीचं वजन वेगळ्या परवान्यानं विका. बाहेरच्या कुणी फॉन्टमध्ये भर घातली असेल तर तेवढ्या भागासाठी त्याची परवानगी लागेल, म्हणून कुणाचं काय ते पहिल्यापासून लिहून ठेवा. दुसरी वाट म्हणजे आधी पैसे घेऊन मग खुलं करणं. गूगल फॉन्ट्सवरचे कितीतरी भारतीय फॉन्ट गूगलनं पैसे देऊन करून घेतलेत. एखादं प्रकाशन किंवा संस्था पुढच्या वजनाचा खर्च उचलायला तयार होईल, विचारून बघा. आणि दुकानाचं नाव खास अक्षरांत करून द्यायचं काम तर घेताच येतं. त्याची बिलं काकांच्या नावानं करा.

फॉन्ट टाकताना फक्त तयार फाईल नको, मूळ स्रोत फाईलही गिटहब या फाईली खुल्या ठेवायच्या साइटवर ठेवा. नाहीतर लोक वापरतील, पण सुधारू शकणार नाहीत.

लोकलवाला
आणि बाहेर काढण्याआधी 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना बघा, तसंच 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' टाईप करून तपासा. सांगलीकडच्या फॉन्टात कऱ्हाड नीट उमटायलाच हवं. चाचणीला माणसं लागली तर माझ्याकडे जुना विंडोज आणि अँड्रॉइड दोन्ही आहेत, फाईल पाठवा.