घंटागाडी घेतली, पण कचरा ओतायचा कुठं?

वारणाकाठ: सांगलीला चिकटलेलं आमचं गाव, वस्ती बारा हजार. नवीन प्लॉट पडले, भाडेकरू वाढले, ओढ्यावरचा ढीग तर विचारूच नका. स्वच्छ भारतच्या पैशातून घंटागाडी घेतली. बायका ओला-सुका वेगळा देतात आणि गाडीत सगळं एकत्र. आता त्या म्हणतात, निवडत कशाला बसू? मी पंचायत सदस्य आहे. मासिक सभेत काय मांडू?

कुपवाडवाला: दोन-चार पावत्या फाडा दंडाच्या. आपोआप सरळ होतील.

जुना मुकादम: दंड कुणाला ओ? बायकांनी निवडून दिलंय, एकत्र पंचायत करतेय. सदस्यसाहेब, खरी अडचण महिन्याच्या खर्चाची. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांवरच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ४५ रुपये. तुमचे झाले ५ लाख ४० हजार, तेही एकदाच. डिझेल, ड्रायव्हर, मागची दोन माणसं कुठनं भागवणार? आधी महिन्याची वसुली ठरवा, हॉटेल-चिकनवाल्यांना जास्त, भाडेकरूंची घरमालकाकडनं. नाहीतर गाडी पंचायतीमागं उभी राहते आणि टायर बसतात. लय बघितल्यात असल्या गाड्या.

गाडीत मधे पत्रा वेल्ड करून घ्या, पण एवढ्यानं भागत नाही. ओला उतरवायला वेगळी जागा नसली तर ड्रायव्हर दोन्ही एकाच ढिगावर ओतणार. त्याचा काय दोष?

वारणाकाठ: गायरानात जागा आहे. शेजारचे म्हणतात, वास मारेल.

पाचटवाली: नुसता ओला टाकला तर मारणारच. शिवारात उसाचं पाचट, म्हणजे वाळका पाला, जाळतात, ते मागून आणा. एक थर ओला, एक थर पाचट, वरनं शेणकाला. मूठभर उचलून दाबायचं. बोटांतनं एखाद-दुसरा थेंब आला की बरोबर. पाणी गळायला लागलं तर अजून पाचट, भुगा झाला तर पाणी मारायचं. आठवड्याला खालवर करा. चांगला ढीग आत ५५-६० अंशांपर्यंत तापतो, हात ठेववत नाही. वर पत्र्याचं छप्पर पाहिजेच. आणि २०१९ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते बघून जागा धरा, ओढ्याकडंला नको.

वारणाकाठ: आणि प्लॅस्टिक?

जुना मुकादम: तालुक्याला प्लॅस्टिक युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे, गटविकास अधिकाऱ्यांना विचारा. तोवर भंगारवाल्याशी बोलून ठेवा. कोरडं असलं तर काही माल तो स्वतः नेतो, खरकटं लागलेल्या पिशवीला हात लावत नाही.