अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजातले कृष्णवर्णीय विद्यार्थी: मांडणी कशी करू?

इतिहासवाला_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या इतिहास मंडळात वीस मिनिटं बोलायचंय. विषय घेतलाय तिकडची छोटी, निवासी, पदवीपुरती नामांकित कॉलेजं आणि तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून एडवर्ड जोन्स १८२६ ला पदवीधर झाला, रक्तपेढीवाले डॉ. चार्ल्स ड्र्यू १९२६ ला. मधल्या शंभर वर्षांचं काय? सर म्हणतात, नुसती नावांची माळ ओवू नकोस. जरा इस्कटून सांगा की.

पेठेतला:
जोन्सला 'अमेरिकेतला पहिला' म्हणू नकोस, कुणीतरी पकडेल. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजातनं अलेक्झांडर ट्वायलाइट १८२३ लाच पदवी घेऊन बाहेर पडला होता.

निवृत्त_मास्तर:
भावा, तुझे सर बरोबर बोलतात. कॉलेज सोड, त्याच्या आधीची शाळा बघ.

मेरी जेन पॅटरसन ही ओबर्लिन कॉलेजची पदवीधर, १८६२ ची. बी.ए. झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ओबर्लिननं १८३५ पासूनच दारं उघडली होती, म्हणून ती शिकली. पुढं ती वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कूलची मुख्याध्यापिका झाली. त्याच शाळेचं नाव मग एम स्ट्रीट आणि १९१६ पासून डनबार. १९०२ ला तिथं मुख्याध्यापिका कोण, तर ॲना ज्युलिया कूपर, तीही ओबर्लिनचीच. हार्वर्डची डॉक्टरेट घेतलेले कार्टर वुडसन तिथं पोरांना शिकवत होते! गोऱ्यांची विद्यापीठं त्यांना प्राध्यापक म्हणून घेईनात, फायदा झाला शाळेचा.

आता अ‍ॅमहर्स्टची यादी काढ. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन १९१५, वर्गात एकटाच कृष्णवर्णीय. विल्यम हेस्टी १९२५. ड्र्यू १९२६. तिघंही ह्या एकाच शाळेचे. ह्यूस्टननं पुढं हॉवर्ड ह्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या (हार्वर्ड नव्हे) लॉ स्कूलमध्ये थर्गुड मार्शलला घडवलं, आणि शाळांतला वर्णभेद मोडणारा १९५४ चा निकाल त्याच मार्शलनं लढून आणला. ह्यूस्टन मात्र १९५० लाच गेला होता.

हे आपल्याला कळायला अवघड नाही. राजाराम कॉलेज १८८० पासून होतंच की. पण खेड्यातल्या पोरानं राहायचं कुठं, जेवायचं काय? शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. दसरा चौकात उभं राहून नुसत्या पाट्या वाच. मी स्वतः बोर्डिंगातला. गावाकडनं एस.टी.नं डबा यायचा, वर फडक्याला नावाची चिठ्ठी शिवलेली. गाडी चुकली की रात्री पाणी पिऊन झोप.

वाचनवेडी:
मास्तर, शाळेचं पटलं, पण दार बंद असेल तर शाळा काय करणार? व्हॅसार हे मुलींचं कॉलेज बघा. अनिता हेमिंग्ज गोरी समजली गेली म्हणून तिथं शिकू शकली. शेवटी खोलीतल्या मैत्रिणीच्या वडिलांनी खाजगी गुप्तहेर लावून तिचं घराणं शोधून काढलं! १८९७ ला पदवी मिळाली, पण व्हॅसारनं उघडपणे कृष्णवर्णीय मुलगी घेतली ती १९४० ला. स्वार्थमोर कॉलेज तर क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं, गुलामगिरीविरोधी म्हणून नावाजलेल्यांचं. तिथंही १९४० च्या दशकापर्यंत तीच गत. जानेवारी १९६९ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी थेट प्रवेश कार्यालयातच ठाण मांडलं. ते चालू असतानाच कॉलेजचे अध्यक्ष हृदयविकारानं गेले आणि मुलांनी ठिय्या उठवला. हा भाग गाळू नकोस.

इतिहासवाला_कोल्हापूर:
भारीच! मग शाहू महाराजांच्या ५० टक्क्यांशी तुलना करू का?

निवृत्त_मास्तर:
बेतानं. २६ जुलै १९०२ चा आदेश संस्थानच्या नोकऱ्यांचा, आणि तो राजाचा हुकूम. तिकडं प्रत्येक कॉलेज खाजगी, विश्वस्त वेगळे, मर्जी वेगळी. म्हणून तर ओबर्लिन १८३५ आणि व्हॅसार १९४०. बोर्डिंगांशी तुलना कर, ती टिकेल. वीस मिनिटांतली दहा पॅटरसन ते ह्यूस्टन ह्यांना दे, हेमिंग्जला तीन. ट्वायलाइट एका वाक्यात उरक.

पेठेतला:
माझ्या ट्वायलाइटला एकच वाक्य? बरं, ते तरी नीट म्हण. आणि कार्यक्रम कधी, कुठं ते टाक इथं.