धंदा शिकवताना प्रार्थना कशाला? नाशिकमधल्या एका ख्रिस्ती सेवेवरून

गोदाकाठ
मी ख्रिस्ती नाही. निवृत्त लेखापाल आहे. दीड वर्षापासून दर शनिवारी एका ख्रिस्ती सेवासंस्थेच्या हॉलमध्ये फुलेनगर, गंजमाळ भागातल्या बायकांना हिशेब शिकवतो. शिवण, पापड, पोळी-भाजी, भाजीची हातगाडी असले धंदे. मित्र म्हणतात, पोटापाण्याचं आमिष दाखवून धर्म बदलवणाऱ्यांना तू हात देतोस.

नागलीचे पापड करणारी एक ताई सांगायची, किलोमागे चाळीस रुपये सुटतात. आम्ही वहीत मांडलं: नागली, पापडखार, गॅस, रिक्षाभाडं, तुटलेले पापड. मग मी विचारलं, तुमची मजुरी? "माझी कसली मजुरी, घरातच तर असते." मजुरी धरली तेव्हा कळलं की ती पदरचे घालून पापड विकत होती. तिने भाव वाढवला, दोन दुकानांची उधारी बंद केली. दिवाळीपर्यंत सावकाराचं दारात येणं बंद झालं. वर्गाआधी दहा मिनिटं प्रार्थना होते, बसायची सक्ती नाही. हे काम वाढायला हवं असं माझं ठाम मत आहे.

पंचवटीकर
काका, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण सक्ती नाही म्हणजे काय? शिलाई मशीन कुणाला द्यायची ती यादी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर कुठली गरजू बाई "मी प्रार्थनेला बसणार नाही" म्हणेल? धर्माचा प्रचार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितलंय. शिवाय राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचं कुटुंब ख्रिस्ती झालं की त्या सवलती जातात. शिवणकाम शिकायला गेलेल्या घराला ती किंमत कोण समजावून सांगतं?

शरणपूरची लेक
मी ख्रिस्ती आहे, म्हणून आमच्या गल्लीचा इतिहास सांगते. १८५४ साली प्राइस नावाच्या मिशनऱ्याने शरणपूर वसवलं. धर्म बदललेल्यांना घरच्यांनी बाहेर काढलेलं, कामधंदा तुटलेला. म्हणून तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही तिथे शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन, त्याचा देह आफ्रिकेतून लंडनपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. १८७४ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत खांदेकऱ्यांत तो होता.

आणि आमच्यासाठी हे आमिष नाही, श्रद्धेचाच भाग आहे. बायबलमधलं २ राजे, अध्याय ४ वाचा. सावकार विधवेची दोन मुलं गुलाम म्हणून न्यायला निघालाय. संदेष्टा अलीशा तिला भीक घालत नाही, "तुझ्या घरात काय आहे?" असं विचारतो. असतं फक्त थोडं तेल. शेजाऱ्यांची भांडी मागून ती तेल भरते, विकते, कर्ज फेडते आणि उरलेल्यावर मुलं जगतात. आमचे पाळक हिशेबाच्या वर्गात हेच सांगतात. ते लपवून का ठेवायचं?

पंचवटीकर
लपवू नका, वेगळं ठेवा. तुम्हीच सांगितलंत की शरणपूरच्या लोकांचं नातं माहेर-सासरशी तुटलं आणि ते मिशनच्या आधारावर आले. स्वावलंबन शिकवताना माणूस नव्या दाराशी बांधला जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

डोंगरचा नाना (सुरगाणा)
तुमच्या दोघांच्या भांडणात आमचा प्रश्न राहूनच जातो. माझी आई मुकादमाची उचल घेऊन दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत जायची. उन्हाळ्यात विहीर आटली की गावात थांबायचं कशावर? नागली आमच्या उतारावर पिकते, ती कवडीमोल जाते आणि पापडाचा पैसा शहरात राहतो. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. त्याचं काम वेळेवर मिळालं, पाणी अडलं, तर आधी जगता येईल, मग धंदा. गरीब माणूस हिशेब चुकतो म्हणून गरीब आहे, असं कुणी चर्चमध्ये शिकवो नाहीतर मंदिरात, मला ते लागतं.

डबेवाली ताई
मी त्या वर्गात येते. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बौद्ध आहे. प्रार्थनेला बसत नाही, बाहेर ओट्यावर थांबते. कुणी कधी काही बोललं नाही. पण पहिल्या मशीनच्या यादीत नाव नव्हतं तेव्हा मनात आलंच, ओट्यावर बसले म्हणून का? दुसऱ्या खेपेला नाव आलं. वर्ग मात्र सोडणार नाही. बँकेत गेले तर फॉर्म भरायला कुणी मदत करत नव्हतं. इथे शिकूनच फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं कर्ज काढलं आणि हप्ते फेडले.

गोदाकाठ
ताई, तुम्ही ओट्यावर बसून हा विचार करत होतात हे मला दीड वर्षात दिसलं नाही. मला याचं फार वाईट वाटतंय. पंचवटीकर, यादीबद्दल तुमचंच खरं. या आठवड्यात समितीला सांगतो: प्रार्थना वर्ग संपल्यावर ठेवा आणि मशीनची यादी बायकांच्या गटाने उघड बसून करावी. नाही ऐकलं तर माझा वर्ग दुसऱ्या जागी भरेल.

नाना, गरिबी हिशेबाच्या चुकीमुळे येते असं मी मानत नाही. पाण्याला माझ्या वहीत उत्तर नाही. पण सुरगाण्यातच पापड व्हावेत, त्यासाठी तुमच्याकडे पाच-सहा बायका जमत असतील तर मी एसटीने येईन.

डोंगरचा नाना (सुरगाणा)
जमतील. पण मार्चनंतर या, आत्ता सगळ्या बागेत गेल्यात.

शरणपूरची लेक
प्रार्थना शेवटी ठेवायला माझी हरकत नाही. ज्यांना थांबायचंय त्या थांबतील. बंद करायला मात्र हरकत आहे.

डबेवाली ताई
काका, शनिवारी वही आणते. उधारीचं पान परत वाढलंय.